सोलापूरच्या उत्तर कसब्यातला माळवदाचा (मातीच्या सपाट छताचा) वाडा घेताना

वाडा हातात आला तो वकिलीणबाईंच्या सर्च रिपोर्टमुळे. एजंट नुसता ‘कागद क्लिअर आहेत’ म्हणत होता. बाईंनी मालकीच्या ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेतला, सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक काढलं, तर मालकाच्या दोन बहिणींची नावंही वारस म्हणून लागलेली! दोघी सहीला तयार होईपर्यंत त्यांनी इसार देऊ दिला नाही. फी वसूल झाली.

मग गवंडीमामांना नेलं. सागवानी तुळईत त्यांनी खिळा टोचला. मधे टणक, भिंतीत शिरलेलं टोक मात्र भुसभुशीत. माळवदावर कुणीतरी सिमेंटचा कोबा केलेला, त्याच्या भेगांतून पाणी मुरलेलं. आता तो काढून पुन्हा पांढरी माती टाकतोय. सोलापूरचा मे महिना, आणि माजघरात भरदुपारी पंख्याची गरज वाटत नाही!