रात्रीचा टॅक्सीवे: ग्लास बीड्सची रेघ की हिरवे दिवे?

'नाइट लँडिंग'चा विषय निघाला की बोलणं रनवेच्या दिव्यांवरच अडतं. टॅक्सीवेवरची, म्हणजे रनवे ते पार्किंग या वाटेवरची, उतरलेल्या विमानाला नेणारी पिवळी रेघ मात्र अंदाजपत्रकात शेवटच्या ओळीत, तीही उरल्यासुरल्या पैशांत. छोट्या-मध्यम विमानतळापुढे पर्याय साधारण तीन असतात: ग्लास बीड्स (काचेचे बारीक मणी) टाकलेला रंग, कडेचे निळे परावर्तक किंवा निळे दिवे, आणि सेंटरलाइनवर (वाटेच्या मधल्या रेघेवर) जमिनीत बसवलेले हिरवे दिवे.

सर्वांत स्वस्त पर्याय रंगाचा, आणि सर्वांत जास्त बिघडतो तोही हाच. नुसता पिवळा रंग टॅक्सी लाइटचा (जमिनीवर चालताना लावायच्या विमानाच्या दिव्याचा) प्रकाश पुढच्या पुढे फेकतो. बीड्स तो वाकवून रंगावर पाडतात आणि आला त्या दिशेला परत पाठवतात. साधे, १.५ अपवर्तनांकाचे टाइप १ बीड्स लिटरभर रंगाला सुमारे ०.८५ किलो लागतात, १.९ चे टाइप ३ सुमारे १.२ किलो. पाण्यात मिसळणारा रंग लिटरला २.८ चौरस मीटर पुरतो. म्हणजे १५ सेंटीमीटर रुंदीच्या एक किलोमीटर सलग रेघेला रंग ५४ लिटर, बीड्स टाइप १ चे ४६ किलो किंवा टाइप ३ चे ६५ किलो. टाइप ३ महाग असतात, पण चमक स्पष्टपणे जास्त. होल्डिंग पॉइंटच्या (रनवेवर शिरण्याआधी विमान थांबतं त्या जागेच्या) रेषांना तरी तेच वापरा, तिथे काटकसर नको.

बीड निम्म्याहून किंचित जास्त रंगात बुडालेला हवा. बीड्सची गन रंगाच्या गनमागे जरा रेंगाळली की रंगावर साय धरते, मणी वरवर बसतात आणि पहिल्याच झाडलोटीत निघून जातात. थर जाड झाला की मणी बुडून जातात आणि नवीकोरी रेघ रात्री मेलेली दिसते. खिशातलं भिंग लावलं की दोन्ही दोष जागेवरच कळतात. नव्या डांबरावर पक्का रंग महिनाभर थांबून द्यावा. घाई असेल तर आधी पातळ तात्पुरता हात, बीड्सशिवाय. काँक्रीटवर पिवळं उठून दिसत नाही. तिथे दोन्ही बाजूंना १५ सेंटीमीटरची काळी किनार मारा, त्या काळ्यात बीड्स नकोत. जुन्या थरांवर थर चढवत गेलात तर पापुद्रे सुटतात आणि इंजिनात जाण्याजोगा कचरा होतो. आधी वॉटर ब्लास्टिंगने खरवडून काढा.

रंगाच्या दोन मर्यादा विक्रेता सहसा सांगत नाही. पहिली पाण्याची: मण्यांवर पाण्याची फिल्म बसली की परावर्तन जवळपास संपतं. कोकण-गोव्याच्या पावसात हे नेहमीचंच. मोठ्या आकाराचे टाइप ४ बीड्स पाण्यावर डोकं काढून राहतात, म्हणून थोडे तगतात. दुसरी उंचीची: चमक मोजायचं नेहमीचं यंत्र मोटारीचा हिशेब धरतं, हेडलाइट ०.६५ मीटरवर आणि डोळे १.२ मीटरवर. एअरलाइनच्या विमानात टॅक्सी लाइट सहसा नोज गिअरवर (पुढच्या चाकाच्या दांड्यावर) आणि वैमानिकाचे डोळे त्याच्या काही मीटर वर, त्यामुळे परतलेला बराचसा प्रकाश डोळ्यांखालूनच जातो. छोट्या ट्रेनर विमानांच्या तळाला चांगल्या बीड्सचा रंग छान पुरतो. जेट येणार असतील तर यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, कॉकपिटच्या उंचीवरून, ओल्या रात्री पाहा.

कडेचे निळे परावर्तक वीज मागत नाहीत, पण गवत मागे लागतं. पावसाळ्यात कापणी आठवडाभर लांबली की ते दिसेनासे होतात. निळे दिवे कड दाखवतात, वाट दाखवत नाहीत. गुंतागुंतीच्या जंक्शनवर तर सगळीकडे निळेच ठिपके.

हिरवे सेंटरलाइन दिवे पावसात आणि धुक्यात निर्विवाद वरचढ. सरळ भागात अंतर जास्तीत जास्त ३० मीटर, आरव्हीआर (रनवेवरची दृश्यमानता) ३५० मीटरखाली गेल्यावरही वाहतूक चालवायची तर १५. खर्च मात्र दिव्यांपुरता नसतो: खोदकाम, केबल, आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर, रेग्युलेटर, आणि दर पावसाळ्यात फिटिंगमध्ये शिरणारं पाणी. उजेड ठरलेल्या तीव्रतेच्या निम्म्याखाली गेला की दिवा पेटत असूनही बाद धरतात, आणि ३५० मीटरखालच्या कामात लागोपाठचे दोन दिवे बाद चालत नाहीत. ही देखभाल झेपणार नसेल तर दिवे घेऊच नका, कारण अर्धवट रांग काही नसण्यापेक्षा वाईट.

३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री, तैपेईला वादळी पावसात, सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७४७ बंद असलेल्या ०५आर (उजव्या) धावपट्टीवर वळलं आणि उड्डाण घेताना तिथल्या बांधकामाच्या यंत्रांवर आदळलं. १७९ पैकी ८३ जण गेले. ०५आर कडे वळणारे हिरवे दिवे दाट होते. योग्य ०५एल (डाव्या) धावपट्टीकडे नेणारे मोजके, त्यांतला एक बंद आणि एक मिणमिणता. पिवळी रेघही त्या बाजूला सलग नव्हती. वैमानिकांनी धावपट्टीची खात्री करून घेतली नाही, हे चौकशीत आलंच. पण अंधारात माणूस दाट उजेडामागे जातो.

बजेट तुटपुंजं असेल तर आमचा क्रम असा: आधी होल्डिंग पॉइंट आणि त्याआधीची सुमारे ४५ मीटरची तुटक रेषांची ठळक सेंटरलाइन टाइप ३ मध्ये, मग तिथेच आळीपाळीने लुकलुकणारे पिवळे रनवे गार्ड लाइट, मग वळणांची रेघ. हिरवे दिवे घेतलेच तर रनवेपासून एप्रनपर्यंत (पार्किंगच्या जागेपर्यंत) एक मार्ग पूर्ण करा. चार मार्गांवर थोडे थोडे वाटू नका.