कोड सायनिंग सर्टिफिकेट घेऊन नऊ महिने झाले

किराणा आणि औषध दुकानांसाठी बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर मी एकटाच बनवतो आणि विकतो. पूर्वी जवळजवळ प्रत्येक नव्या ग्राहकाचा फोन यायचा, "सर, निळी पाटी आलीय, धोका आहे म्हणतंय." ही विंडोजची इशाऱ्याची पाटी. मग "मोअर इन्फो" दाबा, खाली "रन एनीवे" दिसेल, असं समजावत बसायचो. ज्याच्यावर दुकानाचा हिशेब सोपवायचा, त्याची पहिली भेट अशी व्हावी हे मला फार खुपायचं. शेवटी स्वतःच्या नावानं कोड सायनिंग सर्टिफिकेट घेतलं, म्हणजे सॉफ्टवेअर कोणाचं आहे हे दाखवणारी डिजिटल सही करायचं प्रमाणपत्र.

ओळखीच्या पडताळणीत तीन आठवडे गेले. एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. तेवढ्यावर अर्ज अडला. हे आधीच जुळवून घ्या.

जून 2023 पासून खासगी की, म्हणजे सही करायची गुप्त डिजिटल किल्ली, हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, म्हणून माझी की यूएसबी टोकनमध्ये आहे. रात्री आपोआप होणारं बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअरची फाइल तयार होणं) त्यामुळे थांबलं. आता टोकन लावून, पिन टाकून मी स्वतः बसतो. पिन सारखा चुकला तर टोकन लॉक होतं, तेव्हा घाईत टाकू नका.

निळी पाटी मात्र लगेच गेली नाही. ती दाखवणारं विंडोजचं स्मार्टस्क्रीन डाउनलोडवरून विश्वास ठरवतं आणि तो हळूहळूच साठतो. माझ्या बाबतीत दोनेक महिने लागले. सही एकाच सर्टिफिकेटची असल्यामुळे पुढच्या आवृत्तीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही, हा खरा फायदा. महागडं ईव्ही (जास्त कडक पडताळणीचं) सर्टिफिकेट घेतलं की पाटी लगेच जाते, हे आता खरं राहिलेलं नाही. केवळ त्यासाठी जास्त पैसे घालू नका.

टाइमस्टॅम्प, म्हणजे सही कधी झाली याची नोंद, मात्र कधीही विसरू नका. तो असेल तर सर्टिफिकेटची मुदत संपल्यावरही जुन्या इन्स्टॉलरची सही ग्राह्य राहते. मार्च 2026 पासून नव्या सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त 460 दिवस आहे, त्यामुळे याचं महत्त्व आणखी वाढलं. एकदा घाईत मी टाइमस्टॅम्पशिवाय आवृत्ती पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नवी फाइल द्यावी लागली. तेव्हापासून साइनटूल या सही करायच्या आणि तपासायच्या साधनानं पडताळल्याशिवाय फाइल बाहेर जात नाही. आधी आतल्या ईएक्सई आणि डीएलएल (प्रोग्रामच्या) फाइलींवर सही, मग इन्स्टॉलरवर. इन्स्टॉलर बनवणाऱ्या इनो सेटअपमध्ये साइनटूल नेमून दिलं की अनइन्स्टॉलरवरही सही होते.

मुदत संपली की पुन्हा घेणार, खर्च जड वाटतो तरीही. मागच्या आठवड्यात बार्शीहून एका औषध दुकानदाराचा फोन आला. इन्स्टॉल करताना आलेली परवानगीची पाटी त्यांनी वाचून दाखवली आणि विचारलं, "पब्लिशर म्हणून तुमचंच नाव आहे, यस दाबू ना?"