पेंटियम एमवर फोर्सपीएई : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी (प्रोग्रामवर आपोआप चालणाऱ्या) मशीनला प्रोग्राम पाठवायला सिरियल पोर्टवाला लॅपटॉप लागतो. यूएसबीचे कन्व्हर्टर आमच्या कंट्रोलरशी नीट जुळत नाहीत. म्हणून इंटेलचा बानियास या पहिल्या पिढीचा पेंटियम एम प्रोसेसर आणि १ जीबी रॅम असलेला एक जुना लॅपटॉप पावसाळ्याच्या सुरुवातीपासून रोज वापरतोय. त्याच्यावर लिनक्स चढवताना जे कळलं ते सविस्तर लिहितोय, कारण असे लॅपटॉप अजून बऱ्याच वर्कशॉपमध्ये आहेत आणि पहिल्याच मेसेजला घाबरून लोक ते भंगारात देतात.

पेनड्राइव्हवरून हलकं ३२-बिट लिनक्स सुरू केलं की मेसेज येतो : या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पीएई लागतं, ते या सीपीयूवर नाही. पीएई म्हणजे ३२-बिट प्रोसेसरला जास्त रॅम वापरू देणारी सोय. पण ते आहे! बानियास आणि ४०० मेगाहर्ट्झ बसवाले (बस म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेटमधली वाट) काही डोथान, म्हणजे पुढच्या पिढीचे पेंटियम एम, पीएई चालवू शकतात, फक्त सीपीयूआयडीने (प्रोसेसरला त्याच्या सोयी विचारणाऱ्या आज्ञेने) विचारलं तर ते तसं सांगत नाहीत. लिनक्सच्या सीपीयूइन्फो फाइलमधल्या फ्लॅग्जमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या सोयींच्या यादीत, पीएई दिसत नाही आणि कर्नल तिथेच थांबतो.

यावरचा उपाय म्हणजे बूटच्या ओळीत (सुरू होताना कर्नलला सूचना देणाऱ्या ओळीत) फोर्सपीएई हा शब्द टाकणे. मूळ कर्नलमध्ये तो ३.१५ या आवृत्तीपासून आहे आणि उबुंटूने १४.०४ मध्येच दिला होता. इन्स्टॉल करताना तो दोन डॅशच्या आधी आणि नंतर, असा दोनदा लिहायचा. नंतरचा शब्द इन्स्टॉल झालेल्या सिस्टिमच्या बूट ओळीत जातो. तो राहिला तर इन्स्टॉलेशन नीट पार पडतं, पण पुढच्या बूटला तोच मेसेज पुन्हा समोर येतो. सगळं जमलं की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) 'पीएई फोर्स्ड' अशी नोंद दिसते आणि कर्नलच्या टेंटेड फाइलमध्ये ४ हा आकडा येतो, म्हणजे सीपीयू त्याच्या जाहीर क्षमतेबाहेर चालवला जातोय. काही बिघडलेलं नसतं, पण कर्नलचा बग कळवाल तेव्हा ही खूण समोरच्याला दिसणार हे लक्षात ठेवा.

स्थिरतेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दिवसभर मशीन चालू, प्रोग्राम पाठवणं, ड्रॉइंगच्या पीडीएफ बघणं; हँग नाही, आपोआप रीस्टार्ट नाही.

तरीही फोर्सपीएई सरसकट सुचवणार नाही. पीएई १९९५ च्या पेंटियम प्रोपासून आलं. त्यात पत्ते ३६ बिटांचे झाले, म्हणजे ६४ जीबीपर्यंत रॅम. पण या लॅपटॉपच्या चिपसेटला २ जीबीच्या वर रॅम चालतच नाही! दुसरा फायदा एनएक्सचा, डेटाच्या पानांवरून कोड चालू न देण्याचा. तो बिट पेज टेबलच्या (मेमरीतली पानं कुठे आहेत ते सांगणाऱ्या तक्त्याच्या) ६४-बिट नोंदीत सगळ्यात वरचा असतो आणि ३२-बिट सिस्टिममध्ये एवढी मोठी नोंद पीएई असेल तरच मिळते. बानियासमध्ये एनएक्सच नाही. म्हणजे फायदा शून्य, वर प्रत्येक नोंद ४ ऐवजी ८ बाइटची, म्हणून टेबलं जास्त जागा घेतात. रोजच्या कामात हा फरक जाणवला नाही, पण १ जीबीवर तो उगाच कशाला सोसायचा?

म्हणून नंतर डेबियन १२ हे दुसरं लिनक्स टाकलं. त्यात ६८६ (पीएई न लागणारा) आणि ६८६-पीएई असे दोन वेगळे कर्नल मिळतात. इन्स्टॉलरने फ्लॅग बघून साधा ६८६ स्वतःच निवडला. कुठलाही शब्द टाकावा लागला नाही. तुलनेसाठी फोर्सपीएई देऊन दुसराही चालवून पाहिला. तोही चालला, पण आता कायमचा साधाच ठेवलाय. माझ्या मते बानियासला हाच योग्य.

एक मर्यादा मात्र मोठी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ब्राउझरचीही तीच गत. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. त्यामुळे आमचा लॅपटॉप इंटरनेटला जोडत नाही. विंडोज ८ किंवा १० टाकायचा विचारही करू नका, त्यांना पीएई, एनएक्स आणि एसएसई२ (प्रोसेसरच्या जादा आज्ञांचा संच) तिन्ही लागतात.

तुमच्याकडे ५३३ मेगाहर्ट्झ बसवाला डोथान असेल तर आधी फ्लॅग्ज बघा. पीएई आणि एनएक्स दोन्ही दिसले तर बिनदिक्कत ६८६-पीएई घ्या, तिथे त्याचा खरा उपयोग आहे.