गूगल शीट्सचा ‘मंथली बजेट’ नमुना : उष्ण कटिबंधातल्या स्वस्त सहलीला पुरतो का?

गूगल शीट्स या तक्ते करायच्या ॲपमधला हा खर्चाचा तयार तक्ता पुरतो, आणि फुकट आहे. पण तो बनवलाय घरखर्चासाठी, त्यामुळे निघण्याआधी त्यात थोडी डागडुजी करावीच लागते.

‘ट्रान्झॅक्शन्स’ पानावर तारीख, रक्कम, तपशील आणि वर्ग भरला की ‘समरी’ पानावर ठरवलेला खर्च, झालेला खर्च आणि दोन्हींतला फरक दिसतो. या फरकाच्या रकान्यासाठीच हा नमुना वापरावा. जेवणाचा खर्च हाताबाहेर जातोय, हे परतल्यावर नाही तर तिसऱ्याच दिवशी कळतं. समरीतले घर, पाळीव प्राणी, कर्ज हे वर्ग बदलून तिकीट-सामान, मुक्काम, जेवण-पाणी, बोट-बस, आरोग्य आणि राखीव असे करा.

मोठी उणीव म्हणजे दिवसाचा हिशेब यात नाहीच. एक वेगळं पान जोडा आणि तिथे मुक्काम रात्रींनी, जेवण दिवसांनी गुणा. विमान पहाटे उतरत असेल तर आदल्या रात्रीचं भाडंही धरा, नाहीतर खोली दुपारपर्यंत मिळत नाही. चेक-इन सामानाचे पैसे तिकिटात धरलेले नसतील तर ते जाताना आणि येतानाही लागतात. एसीची वीज वेगळी आकारतात का, हे आधीच विचारा. पावसाळ्यात खोल्या स्वस्त असतात, पण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. म्हणून राखीव रकमेत दोन जादा रात्री आणि पुढचं तिकीट बदलायचा खर्च हवाच. पीतज्वराची (यलो फीवरची) लस सक्तीची असेल तर प्रमाणपत्र टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं, तेव्हा तो खर्च सगळ्यात आधीचा. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे आधी घेतली असेल तर ही ओळ शून्य.

चलनाचा दर ‘गूगलफायनान्स’ (GOOGLEFINANCE) हे सूत्र घातलं की आपोआप येतो. इथेच बजेट फसतं. तो बाजारातला मधला, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दरांमधला दर असतो. एटीएमवर किंवा पैसे बदलताना तुम्हाला तो मिळत नाही. अंदाज करताना त्यावर 5 टक्के चढवा. शिवाय दर बदलला की कालचा झालेला खर्चही बदललेला दिसतो. म्हणून पैसे दिले त्या दिवशीचा आकडा ‘फक्त मूल्य’ (पेस्ट व्हॅल्यूज ओन्ली) म्हणून, सूत्राशिवाय, चिकटवून टाका. कार्डयंत्राने कोणत्या चलनात पैसे घेऊ असं विचारलं तर तिथलंच चलन निवडा. आपल्या चलनात घेतलं की दर यंत्रवाल्याचा लागतो आणि तो बहुतेक वेळा महागच असतो.

फाइलच्या सेटिंग्जमध्ये देश (लोकेल) अमेरिका असेल तर 5/6 म्हणजे 6 मे धरला जातो आणि 13/6 नुसता मजकूर राहतो. मग दिवसाची बेरीज चुकते. देश आधीच बदला.

बेटांवर नेटचा भरवसा नाही. मोबाइल ॲपमध्ये फाइल ऑफलाइन करून ठेवायची ती घरातून निघतानाच. चौघे मिळून जात असाल तर वर्गापुढे ‘कोणी दिले’ हा कॉलम घाला, कारण नमुन्यात त्याची काहीच सोय नाही.