अख्खा गूळ हंगाम वापरलेला ब्रिक गेम: फिरवायच्या बटणासकट अनुभव

मार्चमध्ये माझ्या ब्रिक गेमचं, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या डब्याचं, ठोकळा फिरवायचं बटण नीट चालेनासं झालं आणि त्यावरून दुकानदाराशी वाजलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. डबा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दोन पेन्सिल सेल, काळ्या चौकोनांचा स्क्रीन, खोक्यावर ‘९९९९ इन १’. आत गेम थोडेच असतात, वेग आणि पातळी बदलून आकडा फुगवलेला असतो, हेही माहीत आहे. गाडी, रणगाडा, साप एकदा बघून सोडले. मी तो पडणाऱ्या ठोकळ्यांसाठी घेतला, म्हणजे टेट्रिससाठी. वरून येणारे ठोकळे फिरवून रचायचे, आडवी ओळ भरली की ती उडते, ढीग वर टेकला की डाव संपला. ते नाव मात्र खोक्यावर कुठंच छापलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर कोल्हापुरात महाद्वार रोडवर २०० रुपयांच्या आत मिळाला. मी शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहितो. सौदे उरकले की पट्ट्या करायच्या आधी थोडा मोकळा वेळ मिळतो, तेवढ्यासाठी घेतला. फोनवर हाच गेम फुकट आहे, पण प्रत्येक डावानंतर जाहिरात. ती बंद करायला पैसे मागतात, आणि दरमहा पैसे देऊन ठोकळे पाडणं मला पटत नाही. इथं सेल एकदा घातले की लई दिवस बघावं लागत नाही.

सुरुवातीला मी याला पाचपैकी तीनच दिले असते. फोनवर ठोकळा कुठं बसणार त्याची पुसट सावली खाली दिसते, नको असलेला तुकडा बाजूला ठेवता येतो. इथं दोन्ही नाही. शिवाय फोनवरच्या नव्या टेट्रिसमध्ये सातही आकार पिशवीत घालून एकेक काढल्यासारखे येतात. सातही संपल्याशिवाय पिशवी पुन्हा भरत नाही, त्यामुळे दोन उभ्या दांडक्यांमध्ये (दांडकं म्हणजे चार चौकोनांचा सरळ तुकडा, चार ओळी एकदम त्यानंच उडतात) जास्तीत जास्त १२ दुसरे तुकडे पडतात. माझ्या डब्यात असं काही जाणवत नाही. कडेला एक फट ठेवून रचत बसावं, आणि दांडकं येतच नाही! एस आणि झेडसारखे दोन वाकडे तुकडे मात्र ओळीनं येतात. हा मला सरळ दोष वाटत होता.

आता तसं वाटत नाही. सावली नसल्यामुळं डोळा स्वतःच अंदाज घ्यायला शिकतो आणि काही आठवड्यांत तो अंदाज चुकत नाही. दांडक्याचंही तसंच. ते कधी येईल माहीत नाही म्हटल्यावर किती उंच रचायचं आणि कधी एकेक ओळ उडवून मोकळं व्हायचं, हा निर्णय खरोखर आपला होतो. निन्टेंडो कंपनीच्या जुन्या गेम बॉय या हातातल्या डब्यावर पहिल्या पातळीला एक ओळ उडवली की ४० गुण आणि चार एकदम उडवल्या की १२०० मिळायचे. म्हणजे गेमच तुम्हाला धोका घ्यायला लावतो. आणि शेवटी हरायचं आहेच. हायडी बर्गिएल या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली दाखवून दिलंय की नुसते ते दोन वाकडे तुकडे आलटून पालटून येत राहिले, तर कितीही चांगला खेळणारा असो, डाव बुडतोच. हे वाचल्यावर दांडक्यावरचा माझा राग गेला.

आता बटण. माझ्या मते या गेमचा जीव त्यातच आहे. डावी-उजवीकडं सरकवणं कुणालाही जमतं, पण विचार चालतो तो फिरवताना. या डब्यात ठोकळा एकाच बाजूला फिरतो. चौकोनाला फिरवायची गरज नाही. दांडकं आणि दोन वाकडे एका दाबात काम करतात, कारण त्यांच्या स्थितीच दोन. पण एल, उलटा एल आणि टी यांच्या चार स्थिती आहेत. उलट बाजूला एक पाऊल हवं असेल तर तीनदा दाबावं लागतं. त्यातला एक दाब जरी बटणानं गिळला तरी तुकडा आडवा बसतो आणि खाली भोक राहतं. वेग वाढल्यावर ते भोक उघडायला पुढचा अर्धा डाव जातो. सातांपैकी तीन आकार या एका बटणाच्या इमानावर अवलंबून आहेत, म्हणून मी यावर एवढं लिहितोय.

दुकानदार म्हणाला, “अवो, असल्या मालाला वॉरंटी कसली? नवीन न्या.” मी म्हटलं, “स्क्रीन चांगला, आवाज चांगला, बाकीची बटणं चांगली. एका बटणापायी अख्खा डबा टाकायचा व्हय?” त्यानं वर बघितलंच नाही. मग एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडं नेला. त्यांनी पाठीमागचे स्क्रू काढून दाखवलं. रबराच्या बटणाखाली कार्बनची काळी टिकली असते, ती पाटीवरच्या दोन पट्ट्या जोडते. मध्ये घाण बसली की जोड नीट होत नाही. आमच्याकडं धूळ आणि गुळाची पूड दोन्ही उडते. स्पिरिट लावलेल्या कापसानं पुसलं, ३० रुपये घेतले. बटण नव्यापेक्षा बरं चालतंय. दुकानदाराला हे काम येत नव्हतं असं मी मानत नाही, त्याला करायचं नव्हतं.

डबा स्वस्तातला म्हणून त्यातला गेम हलका, असं कुणी समजू नये. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजितनॉव्ह यांनी हा ज्या इलेक्ट्रोनिका ६० संगणकावर लिहिला, त्याला चित्रं काढताच येत नव्हती. त्यांनी ठोकळे कंसांच्या चिन्हांनी रचले. आधी त्यांच्यासमोर पाच-पाच चौकोनांचे १२ आकार असलेलं लाकडी कोडं होतं. पाचाचे चार केले, आकार सात उरले, आणि ते सात माणसाच्या डोक्यात मावतात. पुढं १९८९ मध्ये गेम बॉयबरोबर तो जगभर गेला, पण पाजितनॉव्ह यांना त्याची रॉयल्टी मिळायला १९९६ उजाडलं. माझ्या डब्यासारख्या नक्कलेतून त्यांना काय मिळणार? याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमच्याकडचे एक हमाल मामा फोनवरच्या कुठल्याच गेमला हात लावत नाहीत. त्यांना यातलं मी काहीही समजावलं नाही. शेजारी उभं राहून दोन डाव बघितले आणि हात पुढं केला, “आण हिकडं.” आता दुपारच्या चहाला डबा त्यांच्याकडं असतो आणि “दांडकं कवा येतंय रे?” एवढंच ऐकू येतं. मराठी अक्षर नाही, सूचना नाहीत, तरी काही अडत नाही.

तक्रारी अजून दोन आहेत. स्क्रीनमागं दिवा नाही, त्यामुळं संध्याकाळी लाइट गेली की खेळ बंद. आणि सेलचं झाकण ढिलं आहे, मी चिकटपट्टी लावलीय. त्यासाठी अर्धा गुण कापतो, बाकी साडेचार.

घेणार असाल तर सेल सोबत घेऊन जा आणि दुकानातच एक डाव खेळा. टी आला की फिरवायचं बटण चारदा भराभर दाबा. तो बरोबर मूळ स्थितीत आला पाहिजे. नाही आला तर दुसरा काढायला सांगा, आणि दुकानदार घाई करू लागला तरी तिसराही बघा.