‘१९३८ची ओरिजिनल एलपी’ : ३२ हजारांना पडलेला खोका

अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या ४० एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्डी, सगळ्या अमेरिकन, भाव ३२ हजार. १६ हजार आधी, उरलेले पोस्टाच्या पावतीचा फोटो आल्यावर, दोन्ही वेळा यूपीआयने. जाहिरातीला किस्साही जोडलेला होता. रेल्वेत नोकरी केलेल्या एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांचा संग्रह, मुलं परदेशी, घर विकायला काढलंय. बडनेरा-बल्लारशाकडच्या माणसाला असा किस्सा लवकर पटतो. घेणारे आर्वी तालुक्यातल्या एका गावचे, लग्नाच्या बँडपथकात क्लॅरिनेट वाजवणारे मास्तर. विकणाऱ्याचा फोनवर तगादा एकच : ‘काका, दुसरं गिऱ्हाईक बसून आहे, लवकर सांगा.’

खोका आला. त्यात कव्हरं बरोबर ४० होती, रेकॉर्डी मात्र २७.

हा घोटाळा दुसरा हप्ता देण्याआधीच पकडता आला असता, कारण पावतीवर वजन छापलेलं होतं : ७ किलो ४१० ग्रॅम. बारा इंची एलपी साधारण १२० ते १४० ग्रॅमची असते आणि पुठ्ठ्याचं कव्हर ७० ते ९० ग्रॅमचं. रेकॉर्डीचे १३० आणि कव्हरचे ८० धरले, तर ४० नगांचे ८ किलो ४०० ग्रॅम होतात. त्यात खोका आणि कागदाचे ७०० ग्रॅम मिळवले की ९ किलो १००. पावणेदोन किलो कमी म्हणजे १३ रेकॉर्डी कमी. आरसीए या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने १९६९नंतर काढलेल्या पातळ ‘डायनाफ्लेक्स’ रेकॉर्डी हलक्या असतात, पण ४०च्या ४० तशा असणं शक्य नाही. मास्तरांनी पावतीवरची तारीख आणि पिनकोड पाहिला, वजन पाहिलं नाही.

तरी ते वजन पुढे कामी आलं. ‘पोस्टात चोरी झाली असेल’ असं विकणारा म्हणायला लागला, तेव्हा खोका तसाच उचलून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. पावतीत आणि काट्यात पाच-दहा ग्रॅमचाच फरक. पोस्टात टाकला तेव्हाही माल तेवढाच होता, म्हणजे वाटेत काही गेलेलं नव्हतं. म्हणून खोका फोडण्याआधी मोजायचा, मग फोडतानाचा व्हिडिओ सलग काढायचा, तोही पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरुवात करून.

आता आतला माल. २७पैकी गुडमनच्या खऱ्या नऊच. चौदा रेकॉर्डी भलत्याच, म्हणजे हिंदी सिनेमा, भजनं, एक इंग्रजी शिकवणारी. उरलेल्या चारांवर गुडमनची लेबलं होती आणि खरी कारागिरी तिथे होती. लेबलं रंगीत झेरॉक्स काढून चिकटवलेली. खऱ्या रेकॉर्डीचं लेबल गोंदाने लावलेलं नसतं. साच्यात गरम पीव्हीसीच्या गोळ्याबरोबरच ते दाबलं जातं, म्हणून ते तबकडीत बसलेलं असतं. कडेवरून नख फिरवलं तर अडकत नाही. इथे नख अडकलं, एका ठिकाणी कड उचलली गेली आणि खालून हिंदी गाण्याच्या लेबलाचा लाल रंग डोकावला. मधल्या भोकाशीही पाहायचं. प्लेअरच्या चकतीवर चढवताना स्पिंडलच्या, म्हणजे मधल्या खुंटीच्या, टोकाने लेबलावर बारीक रेघा पडतात. रेकॉर्ड जुनी, वाजवून घासलेली, आणि भोकाभोवतीचं लेबल मात्र कोरं असेल, तर लेबल नंतर आलंय.

चारही रेकॉर्डी फोटोत आरशासारख्या चमकत होत्या. ती चमक तेलाची. वास खोबरेल तेलाचा होता, बोट फिरवलं की चिकट लागायचं. तेलाने बारीक ओरखडे झाकले जातात, आणि पहिल्यांदा वाजवताना सगळी घाण सुईला गोळा होऊन आवाज बसतो. अशी रेकॉर्ड आधी धुवायची. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. बोअरचं पाणी वापरलं की क्षार खाचांत वाळून बसतात, मग करकर कायमची. शेलॅकच्या (लाखेच्या), मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डीला स्पिरिट लावायचं नाही, शेलॅक त्यात विरघळतं.

सगळ्यात महाग सांगितलेला नग म्हणजे ‘१९३८ची ओरिजिनल स्टिरिओ एलपी, कार्नेगी हॉल’. या एका ओळीत दोन थापा आहेत, आणि त्या ओळखायला रेकॉर्ड हातात घ्यावीही लागत नाही. गुडमनची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली मैफल १६ जानेवारी १९३८ची, हे खरं. पण एलपी हा प्रकारच कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने जून १९४८मध्ये बाजारात आणला. मैफलीचं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं, तबकड्यांवर झालं होतं आणि दोन एलपींचा संच म्हणून ते १९५०मध्ये निघालं, क्रमांक एसएल-१६०. स्टिरिओ एलपी दुकानांत आल्या त्याही १९५८च्या सुमारास. म्हणजे १९३८चं कार्नेगी खरं स्टिरिओ असूच शकत नाही. जुन्या मोनो मुद्रणाचे दोन भाग करून नंतर बऱ्याच कंपन्यांनी नकली स्टिरिओ काढलं. आरसीएच्या अशा रेकॉर्डींच्या क्रमांकाला शेवटी कंसात ‘ई’ असतो, कोलंबियाच्या कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली री-चॅनल्ड’ अशी ओळ असते. कानालाही ते पोकळ लागतं.

खोक्यातलं एसएल-१६०चं कव्हर खरं होतं. आत लाल लेबलची, कडेने ‘कोलंबिया’ हे नाव सोनेरी अक्षरांत पुन्हा पुन्हा छापलेली एक निवडक गाण्यांची एलपी निघाली. हे लाल लेबल १९७०नंतरचं. कोलंबियाचं ‘सिक्स आय’, म्हणजे कडेला सहा डोळ्यांच्या खुणा असलेलं लेबल १९५५ ते १९६२च्या काळातलं. संच नंतरही निघत राहिला, म्हणून त्यात नंतरची लेबलं सापडू शकतात. पण मग त्याला पहिल्या छपाईचा भाव कशाला द्यायचा?

अजून एक फसगत, हिच्यात विकणाऱ्याचा दोष नसतोही. एसएल-१८० या संचाच्या नावात ‘१९३७-३८ जॅझ कॉन्सर्ट नं. २’ असं आहे. तो कार्नेगीचा दुसरा भाग नव्हे, रेडिओवरच्या कार्यक्रमांची मुद्रणं आहेत, १९५२मध्ये निघालेली. आणि जुन्या दोन-एलपी संचात पहिल्या रेकॉर्डीवर बाजू १ आणि ४, दुसरीवर २ आणि ३ दिसल्या तर ‘रेकॉर्ड बदलली’ म्हणून भांडू नका. आपोआप रेकॉर्ड टाकणाऱ्या चेंजरसाठी तशी जोडणी करत.

रेकॉर्डीचं खरं बारशाचं नाव डेड वॅक्समध्ये असतं, म्हणजे शेवटच्या खाचेपासून लेबलापर्यंतच्या गुळगुळीत पट्टीत. तिथला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे साच्याचा क्रमांक, ठोकलेला किंवा हाताने कोरलेला असतो. लेबल चिकटवणारा तो बदलू शकत नाही. त्या चार रेकॉर्डींवर बॅटरी तिरपी धरली, तर लेबल अमेरिकन आणि पट्टीतला नंबर हिंदी सिनेमाच्या एलपीचा. पैसे देण्याआधी मागायचे फोटो म्हणून हेच : दोन्ही बाजूंचं लेबल, दोन्ही बाजूंची डेड वॅक्स, कव्हरचा कणा, आणि तिरप्या उजेडात संपूर्ण तबकडी. शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. जमलं तर व्हिडिओ कॉल. नुसत्या कव्हरांचे फोटो पाठवणारा कव्हरंच विकतोय. तोच फोटो दुसरीकडे कुठे आहे का, हे गुगल लेन्सवर अर्ध्या मिनिटात कळतं.

जाहिरातीत सगळ्या रेकॉर्डी ‘गुड’ लिहिल्या होत्या. मास्तरांना वाटलं, चांगल्या आहेत. रेकॉर्डींच्या व्यवहारात ‘गुड’ म्हणजे जवळजवळ भंगार : खरखर सतत, पण सुई उड्या मारत नाही इतकंच. उतरता क्रम असा : मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, जी म्हणजे गुड. ऐकायला घ्यायची तर व्हीजी प्लसच्या खाली जाऊ नये. गुडमनच्या त्रिकूट-चौकडीच्या हळू वाजवलेल्या तुकड्यांत तर क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांवर प्रत्येक टिक ऐकू येते.

तक्रार केल्यावर विकणारा गोड झाला. ‘पैसे परत करतो काका, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा.’ पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही आणि पिन तर नाहीच. पिन टाकला की पैसे जातात. मास्तरांचे आणखी ४ हजार तिथे गेले. अशा वेळी लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा, यूटीआर, म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा नंबर, हाताशी ठेवायचा आणि त्याच दिवशी बँकेत लेखी द्यायचं. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडकवता आले तरच हाती लागतात. दुकानदाराकडून घेतला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

मे महिन्यात माल मागवूच नये. पंचेचाळीस अंशांत टिनाच्या शेडखाली पडलेल्या खोक्यात एलपी पापडासारखी वाकते, आणि आधीच वाकडी असलेली रेकॉर्ड उन्हाच्या नावावर खपवायला विकणाऱ्याला सबब मिळते. आल्यावर खिडकीच्या सपाट काचेवर ठेवून कडेने पाहायचं.

नोंदवहीही अशीच ठेवायची की पुढच्या खरेदीत ती समोर धरता येईल. रकाने : कॅटलॉग नंबर, दोन्ही बाजूंचा मॅट्रिक्स, लेबलाचा रंग, कुठे छापली, मोनो की स्टिरिओ, मुद्रणाचं वर्ष वेगळं आणि प्रकाशनाचं वेगळं, तबकडीचा दर्जा, कव्हरचा दर्जा, ग्रॅममध्ये वजन. आणि एक रकाना ‘क्लॅरिनेट कुणाचं’. तो चोचला नाही. आर्टी शॉ या दुसऱ्या क्लॅरिनेटवादकाच्या नावाने कॅपिटल कंपनीने १९६८मध्ये त्याच्या जुन्या बँडची पुनर्निर्मिती काढली. त्यात शॉने फक्त संचलन केलंय, क्लॅरिनेट वॉल्ट लेविन्स्कीचं आहे. शॉने वाजवणं १९५४मध्येच सोडलं होतं.

त्या खोक्यातल्या नऊ रेकॉर्डी अशा नोंदवल्या, पाच व्हीजी, चार जी. चिकटवलेली चार लेबलं सोललेली नाहीत. तक्रारीचा पुरावा म्हणून त्या वेगळ्या पाकिटात आहेत. एसएल-१६०पुढे मुद्रण १९३८, प्रकाशन १९५०, तबकडीच्या रकान्यात रेघ आणि शेरा : ‘फक्त कव्हर’.