मिलिटरीचा जुना डिझेल जनरेटर घेतला असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या ह्या मिस्त्रींकडं न्या

पाच स्टार देतोय आणि जरा लांबलचक लिहितोय, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने आणि बरेच पैसे वाचले असते. जांबोटी भागात आमचं काजूचं छोटं युनिट आहे. पावसाळ्यात एकदा लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही आणि ड्रायरमधे गर असताना ब्लोअर थांबला तर साल नीट सुटत नाही, मग सोलताना तुकडा पडतो, आणि तुकड्याला अख्ख्या गराचा भाव कोण देणार. म्हणून मार्चमधे लिलावातनं आलेला मिलिटरीचा सेट एका डीलरकडनं घेतला. 15 केव्हीए, थ्री फेज 415 व्होल्ट, 1500 आरपीएम, 24 व्होल्टचं स्टार्टिंग. इंजिनचा आवाज ऐकूनच मन भरलं होतं.

घरी आणल्यावर कळलं की स्टार्टचं बटण सोडलं की इंजिन बंद पडतंय. एका मेकॅनिकनं इंजिनचं डिझेल चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडला बॅटरीवरनं डायरेक्ट वायर मारून दिली, इंजिन चालायला लागलं पण करंटच नाही, दोन फेजमधे मोजलं तर 3 व्होल्ट. मग एव्हीआर (व्होल्टेज कंट्रोल करणारं कार्ड) बदलला. परत तेच. परत दुसरा एव्हीआर. मग दुसऱ्या एकानं मेगर (करंट बॉडीला गळतोय का बघायचं मीटर) लावला, 0.2 मेगओहम म्हणजे फारच कमी आलं, वाइंडिंग गेलंय रिवाइंडिंग करायला पाहिजे म्हणाला आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी सेट भंगारात द्यायचं मनात आणलं होतं.

शेवटी आमच्या गावातल्या राईस मिलवाल्या काकांनी ह्या मिस्त्रींचं नाव सांगितलं म्हणून टेम्पोत घालून सेट बेळगावला नेला. मिस्त्रींनी सगळ्यात आधी विचारलं, "कुणी कुणी काय काय कापलंय ते आदी सांगा बघू." डायरेक्ट वायर बघून लई रागावले आणि बरोबरच आहे त्यांचं. झालं होतं असं की बटण दाबलेलं असतंय तोवर सोलेनॉइडला सप्लाय बटणातनं मिळतोय, बटण सोडल्यावर तो ऑइल प्रेशरच्या स्विचमधनं जायला पाहिजे, आणि सेट वर्षानुवर्षं उभा राहून त्या स्विचचा कॉन्टॅक्ट काळा पडला होता. स्विच नवीन घातला, डायरेक्ट वायर काढून टाकली, झालं. त्या वायरीवर सेट तसाच चालवला असता आणि ऑइल कमी झालं असतं तर बंद पडायच्या ऐवजी इंजिन जाम होईपर्यंत चाललं असतं.

मग करंटचं. इथं मी त्यांच्या शेजारी उभा राहून सगळं बघितलं. एव्हीआर पूर्ण काढून बाजूला ठेवला, इंजिन 1500 वर आणलं आणि एक्सायटरच्या (आतल्या चुंबकाला करंट देणाऱ्या छोट्या जनरेटरच्या) फील्डच्या दोन वायरींना साधी 12 व्होल्टची बॅटरी पॉझिटिव्ह निगेटिव्ह बघून लावली. मीटरवर तिन्ही फेज चारशेच्या आसपास, एकमेकांच्या जवळजवळ सारखे! म्हणाले, "बघा मालक, वाइंडिंग बी चांगलं हाय आणि आत फिरणारे डायोड बी चांगले हायत, नाहीतर एवढं आणि असं सारखं आलं नसतं." ज्या मशीनचं मला रिवाइंडिंग सांगितलं होतं ते मशीन माझ्यासमोर करंट देत होतं. बॅटरी तशीच लावलेली असताना त्यांनी एव्हीआरला सेन्सिंगच्या, म्हणजे किती व्होल्ट बनतायत ते कळवणाऱ्या, ज्या वायरी येतात तिथं मोजलं तर शून्य. म्हणजे अल्टरनेटर करंट बनवतोय पण तो एव्हीआरपर्यंत पोचतच नाही. मधल्या गोल कनेक्टरच्या दोन पिना हिरव्या पडलेल्या होत्या. साफ केल्या, एक पिन बदलली, माझा जुना मूळचा एव्हीआर परत लावला आणि चालू. मशीनमधलं गेलेलं मॅग्नेटिझमपण बॅटरी लावल्यामुळं परत आलं होतं, त्याशिवाय करंट बनायला सुरुवातच होत नाही. बदललेले दोन्ही एव्हीआर फुकट गेले.

0.2 मेगओहमचं कारण तर मला कधीच सुचलं नसतं. मिलिटरीच्या सेटवर वायरलेसला खरखर येऊ नये म्हणून आउटपुटच्या प्रत्येक वायरीवर बॉडीला जोडलेले फिल्टर कपॅसिटर असतात. जुने झाले की ते लीक होतात. मेगर ते तसेच ठेवून लावला होता म्हणून दोष वाइंडिंगच्या माथी बसला. मिस्त्रींनी फिल्टर आणि एव्हीआर सोडवून 500 व्होल्टचा मेगर लावला तर 50 मेगओहमच्या वर. काजूच्या युनिटमधे वायरलेस कुठला, म्हणून फिल्टर काढूनच टाकले, नाहीतर आमचा ईएलसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) सारखा पडला असता असंही त्यांनी सांगितलं.

अजून एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली. न्यूट्रल बॉडीला जोडलेला नव्हता, तो जोडून त्याला दोन वेगळे अर्थिंग आणि बॉडीला दोन वेगळे करायला लावले, लाईन आणि जनरेटर बदलायचा चेंजओव्हर स्विच चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलपण तोडणारा, घ्यायला लावला. त्याशिवाय सेट देणार नाही म्हणाले. आमच्याकडं ओल्या फरशीवर बायका काम करतात, त्यामुळं ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा कायम ऋणी आहे.

आता कमी काय ते पण लिहितो. फोन उचलत नाहीत, सकाळी लवकर स्वतः जावं लागतंय. आठ दिवस लागले, मला चार सांगितले होते. खानापूरच्या पुढं जागेवर यायला तयार होत नाहीत, म्हणजे सेट नेण्या-आणण्याचा टेम्पोभाडं आपल्यावर. बिल साडेअकरा हजार झालं, त्यात स्विच, पिना, दोन बॅटऱ्यांच्या जाड नवीन केबली आणि मजुरी. काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत दिला.

नेताना कंट्रोल बॉक्स आणि त्याचे सगळे कनेक्टर न कापता न्या, सर्किट डायग्राम मिळत नसतो, मूळ वायरिंग हाच त्यांचा नकाशा. आणि 15 केव्हीए म्हणजे फेजला साधारण 20 अँपिअरच हे लक्षात ठेवून लोड वाटून घ्या, आम्ही कॉम्प्रेसर आणि ब्लोअर आता एकदम चालू करत नाही.

जूनपासून सेट रोज चालतोय. मेगरचे आकडे मिस्त्रींनी कंट्रोल बॉक्सच्या दाराला आतनं मार्करनं तारखेसकट लिहून दिलेत, खाली जागा मोकळी सोडलीय, पुढच्या मे महिन्यात परत मोजून तिथंच लिहायला सांगितलंय.